बंदुकीच्या दारूचा मळ आणि त्याची साक्ष

जुन्या बाडांत बंदुकीच्या दारूचे नुसखे अधूनमधून सांपडतात. वैद्यकाच्या काढ्यांशेजारीं किंवा आतषबाजीच्या पाठांबरोबर 'सोरा इतका, गंधक इतका, कोळसा इतका' अशी दोन-तीन ओळींची टीप असते आणि तेथेंच ती संपते. असा कागद हातीं आला म्हणजे आपण संशोधक मंडळी लगेच त्या तीन आंकड्यांची टक्केवारी काढतों, ती इंग्रजी दारूच्या सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० या प्रमाणाशेजारीं मांडतों, आणि आमची दारू उत्तम होती किंवा हलकी होती असा निकाल देऊन मोकळे होतों. प्रस्तुत लेखकानेंहि पूर्वीं हेंच केलें आहे. हा निकाल बहुतेक वेळां अपुरा असतो, आणि कधीं कधीं अगदीं उलटा असतो, हें येथें दाखवावयाचें आहे. दारूची परीक्षा नुसत्या प्रमाणावरून होत नाहीं. ती जळून गेल्यावर मागें काय उरतें यावरून बरीच होते. मात्र तो उरलेला मळ नेमका कोणाचा, हेंहि तपासावें लागतें.

हा दुसरा मुद्दा आपल्याकडील कागदांवरून सहसा सुचत नाहीं. तो परदेशांतील, विशेषतः अमेरिकेंतील, हौशी नेमबाजांच्या अनुभवावरून स्पष्ट होतो. हे लोक पिस्तुलाचीं उडविलेलीं काडतुसें घरीं आणून त्यांत नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी स्वतःच्या हातानें भरतात. अमुक दारू स्वच्छ जळते आणि तमुक दारू पिस्तूल काळें करते, हा वाद त्यांच्यांत शंभराहून अधिक वर्षें चालला आहे. त्या वादाचा आपल्या बाडांशीं काय संबंध, अशी शंका वाचकांस येईल. संबंध आहे, पण तेथें पोंचण्यापूर्वीं जुन्या काळ्या दारूचा हिशेब पाहिला पाहिजे.

काळी दारू कितीहि उत्तम असली तरी ती सगळी वायुरूप होत नाहीं. अँड्र्यू नोबल व फ्रेडरिक एबल या दोघांनीं बंद पोलादी पात्रांत दारू पेटवून जे प्रयोग केले ते इ. स. १८७५ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केले. त्यांचा ठोकळ हिशेब असा कीं, १०० तोळे दारू जळली तर सुमारें ४३ तोळ्यांचे वायु होतात आणि राहिलेले सुमारें ५७ तोळे निवल्यावर घनरूप होतात. म्हणजे निम्म्याहून अधिक दारू ही दारूचें काम करून नाहींशी होत नाहीं, तर क्षार होऊन उरते. बार झाल्यावर जो दाट पांढरा धूर दिसतो तो याच क्षारांचे बारीक कण होत. जे बाहेर पडत नाहींत ते नळीस धरून बसतात.

या मळांत मुख्यत्वें पोटॅशचे तीन क्षार असतात: कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड. काळ्या दारूची बंदूक पाण्यानें धुतांना सडक्या अंड्यासारखी जी घाण येते ती सल्फाइडाची. कार्बोनेट तर आपल्या परिचयाचेंच आहे; वैद्यांचा जवखार तो मुख्यत्वें हाच. जवखाराच्या बरणीचें झांकण उघडें राहिलें म्हणजे तो हवेंतील पाणी ओढून पाझरूं लागतो, हें ज्यानें पाहिलें असेल त्यास नळींतील मळाचा स्वभाव निराळा सांगावयास नको. कोंकणांतील पावसाळ्यांत तो चिखलासारखा चिकट होतो. देशावरील वैशाखांत तोच खडीसारखा कडक होतो. दोन्ही प्रकारीं पुढची गोळी गजानें तळापर्यंत उतरविणें कठीण होत जातें, आणि बार भरून तसाच ठेवला किंवा बंदूक न धुतां टांगली तर नळीस गंज चढतो.

युद्धाच्या रीतीवर या मळाचा परिणाम केवढा झाला असेल याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाहीं. इंग्रज शिपायाच्या जुन्या 'ब्राउन बेस' बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारें ०.७५ इंच, आणि तींत घालावयाची गोळी सुमारें ०.६९ इंच. गोळी इतकी ढिली ठेवण्याचें एक मोठें कारण हेंच कीं, दहा-वीस बार झाल्यावर मळानें नळी आवळली तरी गोळी आंत जावी. नेम बिघडला तरी चालेल, पण बंदूक भरतां आली पाहिजे, हा त्यांतील हिशेब होता. आपल्याकडील तोड्याच्या बंदुकीसहि हीच अडचण. शिवाय तिच्या कानांत मळ सांठला म्हणजे रंजक नुसती जळून जाई आणि आंतील दारूस विस्तव पोंचत नसे.

नळीस आंतून आटे पाडून नेम सुधारण्याची कल्पना जुनी असून ती सर्व सैन्यांस लवकर लागू होऊं शकली नाहीं, यासहि मळ हें एक कारण आहे. आट्यांत घट्ट बसणारी गोळी मळलेल्या नळींत उतरत नसे. १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीनें ही अडचण दूर केली. तिची गोळी नळीपेक्षां किंचित् लहान, काडतुसाच्या कागदासकट आंत घालावयाची आणि बार होतांना बुडाशीं फुगून आट्यांत बसणारी. परंतु ती मळांतून सहज सरकावी म्हणून त्या कागदास चरबी व मेण यांचें वंगण लावणें भाग झालें. तें वंगण कसलें होतें या प्रश्नानें १८५७ सालीं काय झालें तें सर्वांस माहीत आहे. त्या सालच्या २७ जानेवारीस, शिपायांस वंगणाविना काडतुसें देऊन त्यांनीं आपल्या पसंतीचें वंगण स्वतः लावावें असा हुकूम निघाला, पण संशय फिटला नाहीं. त्या वर्षाचीं कारणें अनेक आहेत आणि त्यांचा वाद येथें नको. तथापि कागदास वंगण कां लागलें या साध्या प्रश्नाचें उत्तर दारूच्या मळांत आहे, हें इतिहासकार क्वचितच सांगतात.

आतां नुसख्यांकडे वळूं. शुक्रनीतींत अग्निचूर्णाचा जो पाठ आहे तो प्रसिद्धच आहे: सोरा ५ पळें, गंधक १ पळ आणि कोळसा १ पळ, नालास्त्रासाठीं सोऱ्याचे भाग ६ किंवा ४, बाकीचीं दोन द्रव्यें पूर्ववत्. टक्केवारी काढली तर पहिल्या पाठांत सोरा सुमारें ७१, दुसऱ्यांत ७५ आणि तिसऱ्यांत सुमारें ६७ येतो. सहा भागांचा पाठ घेतला तर सोऱ्यापुरता तो इंग्रजी दारूशीं तंतोतंत जुळतो. एवढ्या जुळणीवरून गुस्टाव ऑपर्ट यांनीं १८८० मध्यें दारू ही मूळची भारतीयच असा पक्ष मांडला. उलट लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ मध्यें शुक्रनीति हा ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतील ठरविला. दोन्ही पक्षांनीं प्रमाणाच्या आंकड्यांवर जो भार दिला तो मला फार वाटतो. ७५ या आंकड्याच्या आसपास दारू चांगली जळते हें कोणत्याहि देशांतील कारागिरास हातानें करून पाहतां कळण्यासारखें आहे. त्यासाठीं त्यानें दुसऱ्याचा ग्रंथ पाहिलाच पाहिजे असें नाहीं.

माझें लक्ष त्या पाठांतील दुसऱ्याच शब्दांकडे जातें. पहिला शब्द शुद्धतेचा: द्रव्यें शुद्ध करून घ्यावीं असें तेथें सांगितलें आहे. दुसरा कोळशाचा: रुई, निवडुंग इत्यादिकांचा कोळसा 'अंतर्धूम' रीतीनें, म्हणजे धूर आंतच कोंडून, केलेला असावा. तिसरा शब्द दाण्याचा: तयार चूर्ण साखरेप्रमाणें असावें. आणि पुढें नालास्त्र भरण्याची जी रीत दिली आहे तिचें पहिलेंच कलम असें कीं, प्रथम नळी स्वच्छ करावी, मग दारू घालावी. ज्या कोणी हें लिहिलें, आणि ज्या शतकांत लिहिलें, त्यानें बंदूक हातांत धरलेली होती किंवा धरणाऱ्याजवळ बसून विचारलें होतें, यांत मला शंका वाटत नाहीं. मळाचा त्रास ज्यास ठाऊक नाहीं तो नळी पुसण्यापासून आरंभ करणार नाहीं.

या तीन शब्दांपैकीं शुद्धतेचा विचार आधीं करूं, कारण मळाचें मोठें मूळ सोऱ्यांत आहे. भिंतींच्या व उकिरड्यांच्या खारट मातींतून निघणाऱ्या कच्च्या सोऱ्यांत मीठ आणि हवेंतील ओल ओढणारे इतर क्षार मिसळलेले असतात. ते वेगळे करण्याची किल्ली पाण्याच्या उष्णतेंत आहे. १०० भाग उकळत्या पाण्यांत सोरा सुमारें २४५ भाग विरघळतो, आणि पाणी २० अंशांवर आलें म्हणजे त्यांत अवघा ३२ भाग राहूं शकतो. मिठाचें मात्र गरम काय नि गार काय, प्रमाण ३६ ते ३९ भाग. त्यामुळें निवतांना सोऱ्याचे खडे खालीं बसतात व मीठ पाण्यांत राहतें. ही क्रिया एकदां केली तर एक प्रतीचा सोरा, दोनदां केली तर दुसऱ्या प्रतीचा. नुसख्यांत मात्र दोहोंनाहि 'सोरा' हाच शब्द. समजा नुसख्यांत सोरा ७५ लिहिला आहे, पण त्यांत दहावा हिस्सा मीठमाती आहे. तर खरा सोरा साडेसदुसष्टच पडला, आणि साडेसात भाग असा कचरा पडला कीं जो स्वतः जळत नाहीं, दुसऱ्याचें जळणें मंद करतो व दारू सांठवणींतच ओली करतो. उलट ६७ चा 'हलका' नुसखा दोनदां धुतलेल्या सोऱ्याचा असेल तर तो या ७५ च्या तोडीस सहज बसेल. कागदावरचे आंकडे पाहून आपण नेमका उलटा निकाल देऊं तो असा.

कोळशाचेंहि तेंच. कोळसा म्हणजे केवळ कार्बन नव्हे. तो कोणत्या लांकडाचा आणि किती भाजलेला यावर दारूचा वेग अवलंबून असतो. हिंदुस्थानांतील इंग्रजी कारखान्यांनींहि विलायती विलोच्या जागीं तुरीच्या काठ्या व शेर यांचा कोळसा वापरला. हा शेर निवडुंगाच्याच जातीचा. शुक्रनीतीकारानें सांगितलेली वनस्पति त्याच कुळांतील आहे, हें विसरतां कामा नये. खुद्द इंग्लंडांत उघड्या भट्टीऐवजीं लोखंडी बंद नळकांड्यांत कोळसा करण्याची रीत १७८० नंतरच्या दशकांत रिचर्ड वॉटसन यांच्या सूचनेवरून आली. हे गृहस्थ लँडॅफचे बिशप, पण पूर्वीं केंब्रिज येथें रसायनशास्त्राचे अध्यापक होते. बंद नळकांड्यांतील कोळसा आणि 'अंतर्धूम' कोळसा यांत तत्त्वतः भेद नाहीं. यावरून शुक्रनीतीचा पाठ वॉटसननंतरचा असें कोणी म्हणेल. तें मला मान्य नाहीं. अंतर्धूम ही क्रिया आपल्या रसशास्त्राची जुनीच आहे, आणि औषधांची भस्में करणाऱ्यास ती बिशपाकडून शिकावयास नको होती. परंतु त्यावरून पाठ प्राचीन ठरतो असेंहि नाहीं. तो शब्द दोन्ही बाजूंच्या कामाचा नाहीं, इतकेंच म्हणतां येईल.

सांठवणीविषयीं आपल्याकडील सर्वोत्तम साक्ष रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आहे. दारूखाना राहत्या घराजवळ नसावा. दारू, बाण वगैरे सामानास सर्दी पोंचूं देऊं नये. आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें तें बाहेर काढून उन्हांत घालावें व पुन्हां मोहर करून ठेवावें, असा तेथील आशय आहे. हा मजकूर बहुधा गडाच्या शिस्तीचा नमुना म्हणून वाचला जातो. पण पंधरवड्याला ऊन दाखवावें लागत होतें, यावरून त्या दारूंतील सोरा ओल धरणारा होता असा तर्क करतां येतो, आणि सह्याद्रीच्या पावसांत तो कितीहि शुद्ध असता तरी ही काळजी लागलीच असती असेंहि म्हणतां येतें. यांतील खरें कोणतें हें केवळ आज्ञापत्रावरून ठरणार नाहीं. त्यासाठीं सोरा धुण्याच्या मजुरीचे, कढयांचे व सरपणाचे हिशेब पाहिजेत.

मागील काळच्या परीक्षकांस हा भेद ठाऊक होता. फ्रान्समध्यें १६८६ पासून दारूची परीक्षा लहान उखळी तोफेनें होई. ३ औंस दारूनें ६० पौंडांचा गोळा निदान ५० त्वाझ, म्हणजे सुमारें शंभर यार्डांवर, दूर गेला पाहिजे. इंग्लंडांत बेंजामिन रॉबिन्स यांनीं १७४२ च्या ग्रंथांत लंबकावर गोळी मारून तिचा वेग मोजण्याची रीत सांगितली. या दोन्ही परीक्षा जोराच्या. स्वच्छतेची परीक्षा निराळी आणि फार साधी होती: कांच किंवा चिनी मातीच्या तबकडीवर चिमूटभर दारू ठेवून तिला तापल्या लोखंडानें शिलगावावयाचें. चांगली दारू भक्कन् जळून मागें फक्त धुराचा डाग ठेवी. वाईट दारू जळल्यावर तबकडीवर क्षारांचे मणी व न जळलेले काळे ठिपके राहत. एकाच प्रमाणाच्या दोन दारूंत शुद्धाशुद्धतेचा फरक या तबकडीवर डोळ्यांस दिसे. हें ज्ञान कारखानदारांच्या हातीं राहिलें आणि आपण इतिहासकारांच्या हातीं फक्त प्रमाणांचे आंकडे आले.

आतां पिस्तुलाकडे. पिस्तुलांत मळाचा त्रास लांब बंदुकीपेक्षां अधिक, कारण फिरत्या चकरीच्या पिस्तुलास, म्हणजे रिव्हॉल्व्हरास, नळी आणि चकरी यांमध्यें बारीक फट ठेवावी लागते. सॅम्युएल कोल्ट यांचें पेटंट १८३६ चें. त्या काळापासून काळ्या दारूनें ही फट भरून चकरी अडकणें हें रिव्हॉल्व्हरधाऱ्याचें नित्याचें दुखणें होतें. १८७३ चें .४५ कोल्टचें पितळी काडतूस आलें तरी त्यांत मूळ ४० ग्रेनपर्यंत काळीच दारू असे, आणि वर काढलेल्या हिशेबानें त्यांतील २२-२३ ग्रेन क्षार दर बारास उरणार. सुमारें साडेपंधरा ग्रेनांचा एक ग्रॅम होतो. म्हणजे सहा बारांत आठ-नऊ ग्रॅम मळ, कांहीं हवेंत, कांहीं हत्यारांत.

१८८४ हें साल या कथेंत दोन प्रकारें महत्त्वाचें. त्या वर्षीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएय यांनीं बिनधुराची दारू सिद्ध केली. आणि त्याच वर्षीं अमेरिकेंत जॉन बार्लो यांनीं 'आयडियल' या नांवानें घरच्या घरीं काडतुसें भरण्याच्या चिमट्यासारख्या हत्यारांचा धंदा सुरू केला. पुढें १८८७ मध्यें आल्फ्रेड नोबेल यांची बॅलिस्टाइट आणि १८८९ मध्यें एबल व जेम्स ड्यूअर यांची कॉर्डाइट आली. हे एबल म्हणजे काळ्या दारूचा मळ तोलणारे तेच. नव्या दारूंत सोरा, गंधक, कोळसा यांपैकीं कांहींच मुख्य नसल्यामुळें जळून जवळजवळ सर्व वायु होतात. कॉर्डाइटमध्यें शेंकडा ५ भाग व्हॅसलीन घातलें तें नळीस वंगण मिळावें म्हणून. पुढें दिसून आलें कीं त्याचा खरा उपयोग दारू टिकवून धरण्याचा आहे. कॉर्डाइट स्वच्छ खरी, पण तिच्या अति उष्णतेनें नळीचें पोलादच झिजूं लागलें, आणि १९०१ मध्यें तिची घटना बदलून नायट्रोग्लिसरीन ५८ वरून ३० वर आणावें लागलें. नीलगिरींतील अरुवंकाडू येथील कॉर्डाइटचा कारखाना हा त्यानंतरच्या लवकरच्या वर्षांतला.

घरीं काडतुसें भरणारांस वाटलें कीं आतां मळाचा प्रश्न संपला. तो संपला नाहीं. त्याचें रूप बदललें. बिनधुराची दारू दाब जितका वाढेल तितकी झपाट्यानें जळते, आणि दाब उतरला कीं अर्धवट जळून विझते. भात्यानें फुंकलेली शेगडी आणि न फुंकलेली शेगडी यांत जो फरक तोच. जुनीं काडतुसें काळ्या दारूच्या मापानें मोठीं घडविलेलीं. त्यांत नवी दारू तीन-चार ग्रेनच लागते, बाकीची जागा रिकामी. त्या पोकळींत दाब लवकर उभा राहत नाहीं, आणि बारानंतर नळींत पिवळट न जळलेले दाणे सांपडतात. इंग्रज सरकारनें हें ओळखून .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हराचें काडतूस १८९७ मध्यें मुद्दाम आंखूड केलें, कारण कॉर्डाइट लहान जागेंत अधिक नीट जळे. अमेरिकेंत १८९८ च्या सुमारास निघालेली 'बुल्सआय' ही झपाट्यानें जळणारी बारीक दारू पिस्तुलासाठीं पसंत पडली ती यामुळेंच. थोड्या मापांतहि ती दाब चढवून स्वतःस जाळून घेते. लांब बंदुकीसाठीं केलेली मंद दारू पिस्तुलाच्या आंखूड नळींत गोळी बाहेर पडेपर्यंत पुरती जळतच नाहीं. मग भरणारा म्हणतो, दारू घाणेरडी.

तीच दारू, तेंच माप. पण गोळी जड घेतली, किंवा काडतुसाच्या तोंडाशीं पितळ किंचित् आंत दाबून गोळी घट्ट धरली, तर दाब चढण्यास अवसर मिळतो आणि मळ कमी होतो. काडतूस पितळी बाजूनें बाहेरून काळें झालें असेल तर दाब इतका कमी होता कीं पितळ फुगून चकरीच्या भोंकास चिकटलें नाहीं आणि वायु मागें गळला. शिशाच्या गोळीस लावलेलें मेण-चरबीचें वंगण जळून जो काळा धूर होतो त्याचाहि दोष दारूच्या माथीं मारला जातो. अशा रीतीनें, दोन माणसें एकाच डब्यांतील दारू भरून एक तिला स्वच्छ म्हणतो व दुसरा घाण म्हणतो, आणि दोघेहि खरें बोलत असतात.

सर्वांत शिकण्यासारखी चूक टोपीची. टोपींतील भडका उडणाऱ्या मिश्रणांत पोटॅशचें क्लोरेट असे, आणि तें जळून मिठासारखा एक क्षार नळीस लागे. काळ्या दारूच्या काळांत नळी गरम पाण्यानें धुण्याची सक्तीच होती. त्यांत हा क्षार नकळत निघून जाई. बिनधुराची दारू आल्यावर नळी स्वच्छ दिसूं लागली, लोकांनीं पाणी सोडून नुसतें तेल फिरविण्यास आरंभ केला, आणि नळ्या पूर्वींपेक्षां अधिक गंजूं लागल्या. तीसएक वर्षें दोष नव्या दारूस दिला गेला. १९२२ मध्यें अमेरिकेच्या खाण-खात्यांतील विल्बर्ट हफ यांनीं प्रयोगांनीं दाखविलें कीं गंज दारूचा नसून टोपींतील क्लोरेटाच्या क्षाराचा आहे, आणि तो तेलाच्या थराखालींहि चालू राहतो. त्यानंतर १९२७-२८ च्या सुमारास अमेरिकेंत व जर्मनींत न गंजविणाऱ्या टोप्या बाजारांत आल्या. म्हणजे डोळ्यांस दिसणारा काळा मळ निरुपद्रवी आणि न दिसणारा क्षार घातक, अशी स्थिति होती.

यावरून दोन दारूंची तुलना कशी करावी हें ठरतें. गोळी एक, टोपी एक, काडतूस एका जातीचें, हवा एका दिवसाची, आणि माप असें कीं गोळीचा वेग दोहोंकडे सारखा येईल. मग ठराविक बारांनंतर पांढरी चिंधी गजावर फिरवून पाहावी, आणि न जळलेले दाणे, काजळी व वंगणाचा मेणचटपणा निरनिराळे ओळखावे. यांतील एकहि गोष्ट सोडली तर निकाल दारूविषयीं न होतां दुसऱ्याच कशाविषयीं तरी होतो. आपण जेव्हां जुन्या पत्रांत 'दारू वाईट निघाली' किंवा 'बार लागले नाहींत' असें वाचतों तेव्हां हीच सावधगिरी पाहिजे. सोरा कच्चा होता, कीं दारू भिजली होती, कीं माप कमी घातलें, कीं कान मळानें बुजले होते, हे चार निराळे दोष आहेत आणि चारांचे जबाबदार अधिकारी निराळे. पहिल्याचा कारखानदार, दुसऱ्याचा गडाचा हवालदार, तिसऱ्याचा दारू वांटणारा कारकून, चौथ्याचा स्वतः शिपाई. मराठ्यांची दारू इंग्रजांहून हलकी होती असें सरसकट विधान करणाऱ्या लेखकांनीं यांपैकीं कोणता दोष सिद्ध केला हें सांगितलेलें माझ्या पाहण्यांत नाहीं.

ज्यांच्या संग्रहांत जुनीं हत्यारें आहेत त्यांस एक सूचना. टोपीचीं किंवा गारगोटीचीं जुनीं पिस्तुलें कित्येकदां भरलेल्या स्थितींतच पिढ्यान्पिढ्या भिंतीवर टांगलेलीं असतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कितीहि वर्षांनीं पेटूं शकते. म्हणून नळीची खोली गजानें आंतून व बाहेरून मोजून ती रिकामी असल्याची खात्री झाल्यावांचून तिला हात लावूं नये, आणि भरलेली आढळल्यास जाणत्या कारागिराकडून रिकामी करवावी. रिकामी ठरल्यावरहि नळी घासून लखलखीत करण्याची घाई करूं नये. आंतील थर काढण्यापूर्वीं तो कसला आहे, पांढरट क्षाराचा कीं काळ्या काजळीचा कीं नुसत्या गंजाचा, एवढें तरी टिपून ठेवावें.

आणि ज्यांच्या बाडांत दारूचे नुसखे आहेत त्यांनीं ते प्रसिद्ध करतांना केवळ तीन आंकडे न देतां पुढील गोष्टी मूळ शब्दांत अवश्य द्याव्या: सोऱ्यास कोणतें विशेषण आहे, तो किती वेळां कढविण्यास सांगितला आहे, कोळसा कोणत्या लांकडाचा, साल काढून कीं सालीसकट, आणि भट्टी उघडी कीं तोंड लिंपलेली, दारू किती प्रहर कुटावी आणि कशांत कालवावी, दाणा करावा कीं पूड ठेवावी, रंजकेसाठीं निराळा पाठ आहे कीं नाहीं. पानाच्या समासांत दुसऱ्या हातानें कांहीं लिहिलें असेल तर तेंहि सोडूं नये.